रिपोर्टातला एक आकडा आणि बाजारात गेलेली गाय

काष्टीत शनिवारी दवाखाना चालवणे हे इतर दिवसांपेक्षा वेगळे काम असते. जनावरांच्या बाजाराला आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसे आलेली असतात. बैल विकला, गाय घेतली, व्यवहार उरकला, की टेम्पो निघेपर्यंत मिळालेल्या तासाभरात ‘आलोच आहोत तर डॉक्टरांना दाखवून जाऊ’ असे म्हणून पुष्कळ जण दवाखान्याच्या पायरीवर येऊन टेकतात. गुडघेदुखी, खोकला, साखर अशा नेहमीच्याच तक्रारी असतात. परंतु काही महिन्यांपूर्वी अशाच एका शनिवारी आलेले एक गृहस्थ अजून माझ्या मनातून जात नाहीत.

सोबत तेरा वर्षांचा मुलगा होता. वर्षभरात वीतभर उंची वाढलेला, विजारीच्या बाह्या घोट्याच्या वर गेलेल्या. वडिलांनी घडी घालून जपून आणलेला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पोराचं लिव्हर गेलं म्हणत्यात. पुण्याला न्यायचंय. निघायच्या आधी तुमच्या नजरेखालून घालावं म्हटलं.”

गावात एक मोफत तपासणी शिबीर झाले होते. तेथे मुलाचे रक्त घेतले. आठ दिवसांनी रिपोर्ट घरी आला. त्यात एका ओळीपुढे ठळक अक्षरात ‘एच’ छापले होते. ‘एच’ म्हणजे हाय, जास्त. ती ओळ होती अल्कलाइन फॉस्फेटेजची. आकडा ३४२, आणि शेजारी योग्य मर्यादा छापली होती ४० ते १२९. गावातल्या कुणी जाणत्याने सांगितले, की हे लिव्हरचे मोजमाप आहे, म्हणजे लिव्हरला सूज असणार. झाले. पुण्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे, स्कॅन करायचा, तर पैसे हवेत. म्हणून त्याच सकाळी या गृहस्थांनी दुसऱ्या वेताची, चांगल्या दुधाची गाय बाजारात विकली होती. पैसे बंडीच्या आतल्या खिशात होते आणि हात सारखा त्या खिशाकडे जात होता.

मी मुलाला तपासले. डोळ्यांत कावीळ नाही, पोट मऊ, यकृत हाताला लागत नाही. भूक उत्तम. त्याच रिपोर्टात बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताचे बाकीचे आकडे अगदी ठीक होते. खेळून आल्यावर कधीतरी गुडघे दुखतात, एवढीच तक्रार. मुलगा निरोगी होता. त्याची हाडे वाढत होती आणि रक्तातला तो आकडा त्या वाढीचा होता. शेजारी छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती, तेरा वर्षांच्या मुलाची नव्हे.

वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला. “मग हा एच कशाचा?” त्यांनी विचारले. तोपर्यंत गाय टेम्पोत चढून दौंडच्या रस्त्याला लागली होती.

त्यांच्या त्या प्रश्नाला मी तेव्हा घाईघाईत उत्तर दिले. आजच्या लेखात ते सविस्तर देतो, कारण असे रिपोर्ट आता घरोघरी आहेत आणि प्रत्येकाच्या दावणीला दुसरी गाय असेलच असे नाही.

फॉस्फेटेज म्हणजे काय?

फॉस्फेट हा शब्द आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नवा नाही. डीएपीच्या पोत्यावर तो असतो, सुपर फॉस्फेटच्या नावातच असतो. हेच फॉस्फेट आपल्या शरीरातही भरपूर असते. हाडांचा कठीणपणा मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्यामुळे येतो. शरीरात ते अनेकदा दुसऱ्या पदार्थाला जोडलेल्या अवस्थेत असते, आणि कामाला यायचे तर आधी तोडून मोकळे करावे लागते. ही तोडणी करणारे जे विकर म्हणजे एन्झाइम, ते फॉस्फेटेज. अल्कली माध्यमात ते जोमाने काम करते म्हणून त्याला अल्कलाइन म्हणायचे. वाढत्या हाडांत हे विकर मोठ्या प्रमाणावर असते आणि हाड कठीण होण्याशी त्याचा संबंध आहे, हे रॉबर्ट रॉबिसन या शास्त्रज्ञाने १९२३ साली लंडनमध्ये दाखवून दिले.

परंतु हे विकर केवळ हाडांत नसते. यकृतातल्या पित्तनलिकांत असते, आतड्यात असते, गरोदर स्त्रीच्या वारेत असते. या सर्व ठिकाणांहून थोडेथोडे रक्तात येते. रक्ताची साधी चाचणी त्या सर्वांची मिळून बेरीज सांगते. विहिरीत चार झरे असावेत आणि आपण फक्त पाण्याची पातळी मोजावी, तसे हे आहे. पातळी वाढली हे कळते, कोणत्या झऱ्याने वाढली ते कळत नाही.

म्हणून आकडा वाढला की वय आणि परिस्थिती आधी पाहावी लागते. वाढत्या मुलांत हा आकडा प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे. मुलींमध्ये तो मुलांच्या आधी चढतो आणि आधी उतरतो, कारण त्यांची उंची आधी वाढते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत वारेमुळे तो चढतो. मोडलेले हाड जुळून येत असताना चढतो. पाच वर्षांखालच्या काही बालकांत तो कोणत्याही आजाराशिवाय एकदम कित्येक पट वर जातो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप खाली येतो. रक्तगट ‘ओ’ किंवा ‘बी’ असलेल्या काही लोकांत तर तेलातुपाचे जेवण झाल्यावरसुद्धा तो थोडा वाढलेला दिसतो.

आता हेच विकर दुधातही असते, हे ऐकून आमच्या दूधवाल्या भागातल्या वाचकांना नवल वाटेल. गाईम्हशींच्या कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज असतेच. दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास, किंवा ७२ अंशाला पंधरा सेकंद तापवले की क्षयाचे जंतू मरतात, आणि हे विकर त्यांच्यापेक्षा किंचित अधिक चिवट असल्यामुळे त्यांच्यानंतर नष्ट होते. म्हणून पाश्चराइज केलेल्या दुधात फॉस्फेटेज सापडले नाही, तर दूध नीट तापले असे समजायचे. १९३० च्या दशकात के आणि ग्रॅहम या शास्त्रज्ञांनी ही चाचणी बसवली आणि आजही डेअऱ्यांत ती वापरात आहे. दुधात हे विकर सापडले तर ती धोक्याची खूण असते. मुलाच्या रक्तात भरपूर सापडले तर ती वाढीची खूण असते. विकर तेच, पण ते कुठे आणि कोणाच्या ठायी सापडले यावर त्याचा अर्थ बदलतो.

मापाला शिक्का कुठून येतो?

बाजारात तराजू वापरणाऱ्याला वजनमापांवर सरकारी शिक्का घ्यावा लागतो. ठराविक काळाने निरीक्षक येतो, आपल्याजवळच्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतो आणि मगच शिक्का मारतो. रक्त तपासणाऱ्या यंत्रालाही असेच प्रमाण लागते. ज्यातील फॉस्फेटेजचे प्रमाण आधीच माहीत आहे असा नमुना यंत्राला घालून त्याचे उत्तर बरोबर येते का, हे पाहावे लागते. प्रयोगशाळेत याला कंट्रोल सीरम म्हणतात. जी लॅब रोज सकाळी पहिल्या रुग्णाचे रक्त लावण्याआधी कंट्रोल लावते, तिच्या आकड्यावर भरवसा ठेवावा.

मग या नमुन्यातले फॉस्फेटेज कोठून आणायचे? पूर्वी ते वासराच्या आतड्यातून काढीत. बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या मानवी वारेतूनही काढीत. दोन्हींत अडचणी होत्या. वासराचे विकर माणसाच्या विकरासारखे हुबेहूब वागत नाही. वारेतून काढलेला माल प्रत्येक वेळी थोडा वेगळा येतो, आणि त्यातून एखाद्या रोगाचा संसर्ग येण्याची धास्ती असते.

यावर उपाय निघाला तो रिकॉम्बिनंट तंत्राचा. माणसाच्या पेशीतले जे जनुक फॉस्फेटेज बनवण्याची कृती सांगते, ते जनुक उचलून दुसऱ्या सजीवाच्या पेशीत बसवायचे. हा दुसरा सजीव कधी ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो, कधी यीस्ट, तर कधी किड्याच्या किंवा हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी. मोठ्या टाकीत त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचे. त्या पेशी स्वतःच्या कामाबरोबर माणसाचे प्रथिनही बनवू लागतात. काही मानवी प्रथिनांवर साखरेच्या छोट्या साखळ्या लागलेल्या असतात. ते काम जिवाणूला जमत नाही, म्हणून तेथे प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. शेवटी त्या रसातून नेमके हवे ते प्रथिन गाळून शुद्ध करायचे आणि इवल्याशा कुपीत भरून कडक थंडीत ठेवायचे. मोहरीच्या दाण्याहून कमी वजनाचा हा माल असतो, पण पुष्कळ प्रयोगांना पुरतो. असे मानवी प्रथिन गाय, वासरू, वार यांपैकी कशालाही हात न लावता, दरवेळी एकसारखे मिळते.

हे तंत्र आपल्या घरात आधीच आलेले आहे. मधुमेहाचे इन्सुलिन पूर्वी डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढीत. मानवी इन्सुलिन याच तंत्राने बनून १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले. २००३ साली मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने ते भारतात तयार करून विक्रीस आणले. असल्या संशोधनाला लागणाऱ्या पेशींचा साठा तर आमच्या शेजारी पुण्यातच आहे. विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवत आले आहे.

कुपीवरची बारीक अक्षरे

रिकॉम्बिनंट फॉस्फेटेजच्या कुपीवर बहुधा एक ओळ बारीक अक्षरात छापलेली असते: ‘केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही.’ ही ओळ फार महत्त्वाची आहे. कुपीतले प्रथिन माणसाचे आहे, शुद्ध आहे, म्हणून ते औषध ठरत नाही. ते निर्जंतुक आहे का, त्यात जिवाणूंचे विषारी अवशेष आहेत का, शरीरात गेल्यावर काय होते, याची औषधाला लागणारी तपासणी त्या कुपीची झालेली नसते. अलीकडे ‘परदेशी एन्झाइम’, ‘पेप्टाइड’ अशा नावांनी कुणी इंजेक्शन देऊ करत असेल, तर कुपी मागून घ्यावी, त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, आणि वाचता आली नाहीत तर दंड पुढे करू नये.

कुपीपासून औषधापर्यंतचा रस्ता किती लांबचा असतो, याची दोन उदाहरणे फॉस्फेटेजच्याच घराण्यातली आहेत.

पहिले उदाहरण सुखाचे आहे. काही बालकांत जन्मतःच अल्कलाइन फॉस्फेटेज फार कमी असते. त्यांची हाडे मऊ राहतात, दुधाचे दात पाच वर्षांच्या आत मुळासकट पडतात, आणि आजार तीव्र असेल तर छातीच्या फासळ्या इतक्या दुबळ्या असतात, की बाळाला श्वास घेता येत नाही. कॅनडातील डॉ. रॅथबन यांनी १९४८ साली या आजाराला हायपोफॉस्फेटेशिया हे नाव दिले. रिकॉम्बिनंट तंत्राने बनवलेले, हाडाला जाऊन चिकटेल अशी रचना केलेले मानवी फॉस्फेटेज औषध म्हणून मंजूर झाले ते २०१५ साली. नाव दिल्यापासून औषध मिळेपर्यंत सदुसष्ट वर्षे गेली. औषध अतिशय महाग आहे, आणि तरीही ज्या बाळांना वाचवता येत नव्हते ती त्यामुळे वाचू लागली, ही गोष्ट खरी.

दुसरे उदाहरण धीराचे आहे. फॉस्फेटेज हे एकच विकर नाही. माणसाच्या शरीरात शंभराहून अधिक प्रकारची फॉस्फेटेज आहेत. पेशीतली प्रथिने विजेच्या बटणासारखी चालू-बंद होतात. फॉस्फेट जोडले की एक अवस्था, तोडले की दुसरी. या शोधाबद्दल फिशर आणि क्रेब्स या दोन शास्त्रज्ञांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फिशर यांच्याच प्रयोगशाळेत १९८८ साली मानवी वारेतून पीटीपी-वन-बी नावाचे एक फॉस्फेटेज वेगळे काढण्यात आले. इन्सुलिनने पेशीला दिलेला निरोप हे विकर पुसून टाकते. १९९९ साली कॅनडातील संशोधकांनी दाखवले, की ज्या उंदरांत हे विकर नाही त्यांच्यावर इन्सुलिन अधिक चांगले काम करते आणि भरपूर खाऊनही ते फारसे लठ्ठ होत नाहीत. जगभर आशा पालवली. हे विकर रोखणारे औषध सापडले की मधुमेह आटोक्यात येईल असे वाटले. तेव्हापासून रिकॉम्बिनंट पीटीपी-वन-बीच्या असंख्य कुपी प्रयोगशाळांत खर्ची पडल्या, हजारो रसायने त्यावर पारखली गेली. पाव शतक उलटून गेले, तरी त्यातून एकही औषध दुकानात आलेले नाही. हे अपयश मानू नये. कुपीत चालते ते शरीरात चालेलच असे नाही, आणि हे प्रामाणिकपणे तपासायला वेळ लागतो.

माझी स्वतःची चूक

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल, की डॉक्टर हा आकडा मनावर घेऊ नका असे सांगत आहेत. तसे मुळीच नाही, आणि ते सांगण्यासाठी मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी वाडीवरच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. वय पंचावन्नच्या आसपास. मांड्या आणि कंबर दुखते, जमिनीवरून उठता येत नाही, चालताना डुलल्यासारखे होते. मी वयाला आणि शेतातल्या कामाला बोल लावला आणि वेदनेच्या गोळ्या देत राहिलो. एकदा केलेल्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले होते. यकृताच्या बाकीच्या चाचण्या ठीक दिसल्या, म्हणून मी तो आकडा सोडून दिला. दीड-दोन वर्षांनी त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी ड जीवनसत्त्व तपासले. ते फार कमी होते. मावशींची हाडे मऊ झाली होती. लहान मुलांच्या मुडदुसाचाच हा मोठ्या माणसांतला अवतार. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सुरू झाल्यावर काही महिन्यांत मावशी पुन्हा खुरपणीला बसू लागल्या.

त्या मुलाचा वाढलेला आकडा निरोगी होता आणि मावशींचा वाढलेला आकडा मदतीची हाक होती. छापील कागदावर दोन्हीपुढे सारखाच ‘एच’ असतो. फरक सांगायला माणूस लागतो, आणि मावशींच्या बाबतीत तो माणूस मी असायला हवा होतो.

आकडा कमी असला तर त्याकडे कुणाचेच लक्ष जात नाही, हीसुद्धा एक गोष्ट आहे. वर सांगितलेला हाडांचा आजार कमी आकड्यातूनच कळतो. पण कमी आकड्याचे एक साधे कारणही असते. हिमोग्राम करण्यासाठी जे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात, त्या नळीतले रसायन जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवते. फॉस्फेटेजला काम करायला हे दोन्ही लागतात. चुकून त्याच नळीतल्या रक्तावर ही चाचणी केली, तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून अनपेक्षित कमी आकडा आला, तर आधी पुन्हा रक्त देऊन पाहावे.

कोणी काय करावे?

जपानमध्ये २०२० साली प्रयोगशाळांनी अल्कलाइन फॉस्फेटेज मोजण्याची आपली जुनी पद्धत सोडून आंतरराष्ट्रीय पद्धत घ्यायला सुरुवात केली. तोच रक्ताचा नमुना नव्या पद्धतीने मोजला, की आकडा साधारण एक-तृतीयांश येऊ लागला. रुग्णात काहीच बदल नव्हता, फक्त मापाची पद्धत बदलली होती. लोकांनी घाबरू नये म्हणून तेथे डॉक्टरांना आणि रुग्णांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली. आपल्याकडे एक रिपोर्ट श्रीगोंद्याचा, दुसरा दौंडचा, तिसरा पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा, असे तीन कागद शेजारी ठेवून आपण ‘वाढला’, ‘उतरला’ असे हिशोब करतो. पद्धत एक नसेल तर या हिशोबाला अर्थ नाही. फेरतपासणी करायची तर शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी.

लॅब चालवणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. रुग्णाचे वय तुम्ही रिपोर्टाच्या वरच्या ओळीत छापता. मग त्याच वयाची मर्यादा खालच्या ओळीत छापायला काय हरकत आहे? संगणक ‘एच’ छापतो तो त्याला दिलेल्या मर्यादेवरून. तेरा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांच्या माणसाची मर्यादा लावली, तर संगणक चुकत नाही, मर्यादा भरणारा चुकतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमार्फत देशभरच्या लॅबना नमुने पाठवून त्यांची उत्तरे ताडून पाहण्याची योजना चालते. एनएबीएल ही संस्था लॅबना मान्यता देते. दोन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत. छोट्या गावातल्या लॅबला हा खर्च जड वाटतो, हे मला ठाऊक आहे. परंतु तराजूला शिक्का ऐच्छिक असता, तर बाजारात आपण धान्य घेतले असते का?

शिबिरे भरवणाऱ्यांना मी थोडे कडक बोलणार आहे. वाढदिवस, जयंती, उत्सव यांच्या निमित्ताने हल्ली मोफत रक्ततपासणी होते. हेतू चांगला असतो. मांडव पडतो, फोटो निघतात, शेकडो लोकांचे रक्त घेतले जाते. आठ दिवसांनी रिपोर्ट घरोघर जातात आणि ते वाचून सांगायला कुणीच नसते. ज्याच्या कागदावर ‘एच’ आहे तो माणूस मग शेजाऱ्याला, मेडिकल स्टोअरवाल्याला विचारत फिरतो. माझे मत असे, की रिपोर्ट समजावून सांगायचा दिवस ठरलेला नसेल, तर रक्त घेण्याचा दिवस ठरवूच नये. दोनशे जणांचे रक्त घेऊन कागद वाटण्यापेक्षा पन्नास जणांचे घ्यावे आणि त्या पन्नास जणांसमोर डॉक्टर बसवावा. खर्च तेवढाच होईल.

आणि आपण वाचकांनी काय करावे? रिपोर्ट हातात आला, की आधी छापलेली मर्यादा कोणाची आहे ते विचारावे: मुलाची, मोठ्याची की गरोदर स्त्रीची. एकच आकडा वाढलेला असेल, तर त्याच्या सोबतचे आकडे काय सांगतात ते डॉक्टरांना विचारावे. फॉस्फेटेज यकृताचे की हाडांचे हे ठरवायला जीजीटी नावाची एक साधी चाचणी पुष्कळदा पुरते. यकृताच्या पित्तमार्गात अडथळा असेल तर तीही वाढते, हाडांचे कारण असेल तर वाढत नाही. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे, वजन उतरणे, हाडे सतत दुखणे, यांपैकी काही असेल तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. काहीच त्रास नसेल आणि आकडा थोडाबहुत पुढे-मागे असेल, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पाहण्याइतका वेळ बहुतेक वेळा आपल्या हातात असतो. तो वेळ डॉक्टरांना विचारून घ्यावा.

एका कुपीतले फॉस्फेटेज नेमके माणसाचे, नेमके शुद्ध आणि दरवेळी सारखे असावे म्हणून शास्त्रज्ञांनी किती वर्षे घालवली, ते आपण पाहिले. एवढी काळजी घेऊन बनवलेले माप शेवटी आमच्या गावात पोचते आणि शेवटच्या पायरीवर, एका छापील मर्यादेपाशी, अडखळते. ही पायरी बांधायला ना मोठे यंत्र लागते, ना परदेशी तंत्र. ते काम लॅबवाल्याचे आहे, शिबीर भरवणाऱ्याचे आहे आणि माझ्यासारख्या डॉक्टरचे आहे.

त्या मुलाचे वडील परवाच्या बाजारात पुन्हा भेटले. मुलगा आणखी दोन बोटे वाढला होता. नवी गाय घ्यायला आले होते आणि विकलेल्या गाईच्या भावात तशी गाय मिळत नव्हती. “पोरगं धड हाय, गाईचं काय घेऊन बसलात,” असे म्हणून ते हसले. त्यांचा मोठेपणा. पण ती गाय त्यांच्याच दावणीला असायला हवी होती.